आधी वहीत, मग ट्रंकेत

"राहिलं? मग राहिलं कशाला?"

सुनंदाताई खराडे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. मोहालीच्या त्या कंपनीत रुजू होऊन मला तीन दिवस झाले होते. आमचं काम आसपासच्या कारखान्यांचे डेटाबेस सांभाळायचं. मागच्या टेबलावरून कुणीतरी चक्क मराठीत विचारलं, "सकाळची बॅकअपची प्रत काढायचं काम झालं का?" चंदीगडला सेक्टर ४३च्या बस अड्ड्यावर उतरल्यापासून मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. मी हरखून अकोल्याच्या मराठीत उत्तर दिलं, "होऊन राहिलं ना ताई."

आमच्याकडे याचा अर्थ काम चालू आहे. कराडच्या सुनंदाताईंना त्यातलं फक्त 'राहिलं' ऐकू आलं, आणि त्यांच्याकडे राहिलं म्हणजे सुटलं, करायचंच विसरलं. त्या ताडकन उठून माझ्या टेबलाशी आल्या. प्रत निघत असलेली पडद्यावर दिसली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मी त्यांना आमच्या व्याकरणाची फोड करून सांगितली.

"म्हणजे तुमच्याकडं चालू असलेलंही राहिलं आणि सुटलेलंही राहिलं," त्या म्हणाल्या. "मग ओळखायचं कसं?"

"सुरावरून, ताई."

"मशिनला सूर कळत नाही. इथं दोनच बोलायचं. झालं, नाहीतर नाही झालं."

पंचेचाळिशी ओलांडलेल्या, उंची जेमतेम पाच फूट. सुती साडी, पायात मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि थंडी सुरू झाली की साडीवर नवऱ्याचा एअर फोर्सचा निळा स्वेटर, कोपरं दुमडून घातलेला. अंबाड्यात एक पेन्सिल कायम खोचलेली. विचार करताना ती पेन्सिल बाहेर यायची आणि उत्तर सापडलं की परत जागेवर जायची. ऑफिसातले पंजाबी सहकारी ती पेन्सिल बघून अंदाज बांधत. पेन्सिल बाहेर असली की त्यांच्याशी कुणी बोलत नसे. आमचे मॅनेजर गिल सरसुद्धा लांबूनच "हांजी, सुनंदा जी" म्हणून पुढे जायचे.

नवरा एअर फोर्समध्ये वॉरंट ऑफिसर. दर तीन-चार वर्षांनी बदली. ताईंनी लग्नाआधी बी. एस्सी. केलं होतं आणि डेटाबेसचं काम त्या एका पोस्टिंगवर, क्वार्टर्सजवळच्या क्लासात, मुलाला मांडीवर घेऊन शिकल्या होत्या. नंतर प्रत्येक गावी नवी नोकरी, तीही पहिल्या पायरीपासून. "ह्यांना बढती आणि मला दरवेळी श्रीगणेशा," असं त्या म्हणत. त्यात तक्रार नसे. श्रीगणेशा इतक्या वेळा गिरवला की अक्षर आपोआप सुधारतं, असंही त्याच सांगत.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला त्या ट्रंका दिसल्या. फौजी घरात असतात तशा, काळ्या लोखंडी, अकरा. पांढऱ्या रंगाने एक ते अकरा आकडे घातलेले. सहा नंबरवर सतरंजी टाकून तिचा दिवाण केला होता, चार आणि पाच एकावर एक ठेवून त्यावर टीव्ही. आणि टीव्हीशेजारी एक जाड वही, हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली.

या वहीत त्यांचा अख्खा संसार होता. बदलीचा हुकूम आला की सामान बांधायला सुरुवात व्हायची, आणि त्याचा नियम एकच. वस्तू आधी वहीत लिहायची, मग ट्रंकेत ठेवायची. उलटं चालायचं नाही. नवरा कढई घेऊन उभा असला तरी त्याने उभंच राहायचं. 'कढई, लोखंडी, मोठी, ट्रंक तीन' हे लिहून झालं की मग कढई खाली.

"ठेवून मग लिहिली तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"मधेच दारावरची बेल वाजते," त्या म्हणाल्या. "माणूस दार उघडायला जातं, परत येतं, आणि वहीला ठाऊकच नसतं की कढई आत गेलीय. आधी लिहिलं आणि बेल वाजली, तर काय होईल? वहीत आहे आणि ट्रंकेत नाही. मग ठेवायची. एवढंच. आधी वहीत, मग ट्रंकेत."

त्यांचे यजमान भाकरी मोडता मोडता हसले आणि म्हणाले, "जोरहाटचं सांग त्याला."

आसामातल्या जोरहाटहून निघालेल्या ट्रकमध्ये वाटेत पुराचं पाणी शिरलं होतं. खराड्यांच्या दोन ट्रंका गेल्या. त्याच ट्रकमधून सामान पाठवलेली आणखी दोन कुटुंबं होती. पुढे कित्येक महिने त्यांना अधूनमधून काहीतरी आठवायचं आणि रडू यायचं, की अरे, तेही त्यातच होतं. ताईंनी नव्या गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वही उघडली, सात आणि नऊ नंबरची पानं काढली, आणि पहिल्या ओळीपासून एकेक वस्तू पुन्हा उभी केली. काही विकत, काही माहेरहून, मुलाचा फोटो स्टुडिओतून पुन्हा छापून. "शेवटच्या चमच्यापर्यंत," यजमान म्हणाले. ही हकिकत त्यांनी आधी शंभर वेळा सांगितली असणार, तरी सांगताना त्यांचा आवाज बदलला.

डेटाबेसचा रीडू लॉग मी कॉलेजात दोनदा शिकलो होतो आणि दोन्ही वेळा पाठ करून विसरलो होतो. तो मला त्या दिवशी, भाकरी आणि ठेच्याबरोबर, कळला.

"डेटाबेस म्हणजे फौजी संसार," ताई म्हणाल्या. "जे काही बदलायचं ते तो आधी एका पाटीवर टिपून घेतो. ही पाटी म्हणजे लॉग बफर. एक लेखनिक बसलेला असतो, तो पाटीवरचं बघून वहीत, म्हणजे रीडू लॉगमध्ये, पक्कं उतरवतो. वहीत उतरलं की मगच डेटाबेस म्हणतो, झालं. वस्तू ट्रंकेत सावकाश जाईना का. मधेच दिवे गेले तरी वही आहे. वही पहिल्यापासून वाचायची आणि सगळं परत लावायचं."

हे किती खरं आहे ते महिन्याभरात डोळ्यांनी बघितलं. डेराबस्सीला औषधांचा एक कारखाना आमच्याकडे होता. एका दुपारी तिथली वीज गेली, तिच्यामागोमाग आधाराची बॅटरीही बसली, आणि सर्व्हर चालू कामात धाडकन बंद पडला. गिल सर फोन कानाला लावून 'वाहेगुरू' पुटपुटत फेऱ्या मारत होते. वीज आली. डेटाबेस उठायला लागला, पण पडदा नुसता कोरा. मी खुर्ची सोडून पडद्यासमोर उभा होतो.

सुनंदाताईंनी खणातून डबा काढला आणि जेवायला सुरुवात केली. "बस की," त्या मला म्हणाल्या. "येईल. वहीत आहे."

आणि आलं. कारखान्याच्या पॅकिंगची सुपरवायझर जसवीर कौर हिने दिवे गेले तेव्हा हातातल्या डबीचा नंबर कागदावर टिपून ठेवला होता. तिने तो फोनवर वाचला आणि मी पडद्यावर शेवटची ओळ पाहिली. तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी वळून बघितलं तर ताई डब्याला झाकण लावत होत्या. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. मी पडलो नाही, याची अजून चुटपुट आहे.

त्यांना दोन शब्दप्रयोगांचा भयंकर राग होता. मराठीतला 'झालं म्हणून समजा' आणि हिंदीतला 'हो गया समझो'. कुणी असं म्हणालं की त्या मान वर न करता विचारत, "समजू कशाला? झालं की सांग."

याच शब्दांवरून पुढे सगळं घडलं.

डेराबस्सीच्या त्या कारखान्यात गोळ्यांच्या प्रत्येक डबीवर वेगळा नंबर छापला जाई. नंबर छापायचा, कॅमेऱ्याने वाचायचा, डबीचं वजन करायचं, मग डबी खोक्यात. प्रत्येक टप्प्याची नोंद डेटाबेसमध्ये व्हायची, आणि 'झालं' असं उत्तर आल्याशिवाय पट्टा पुढे सरकायचा नाही. त्या पट्ट्याचा नवा प्रोग्राम मी लिहिला होता. ताईंनी तो तपासला होता. तो चालू झाला आणि जसवीरच्या दुपारच्या पाळीत पट्टा अडायला लागला. सरके, थांबे, सरके, थांबे. सकाळच्या पाळीत काही नाही. कारखान्याने साधा अर्थ काढला की दुपारची सुपरवायझर ढिली आहे. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि आठवड्यात सुधारणा दिसली नाही तर पट्ट्यावरून काढू असं सांगण्यात आलं.

जसवीर चौदा वर्षं त्या पट्ट्यावर उभी होती. तिने ताईंना फोन केला. "मॅडम जी, मेरे हाथ नहीं रुकते. मशीन रुकती है. मेरी कोई सुनता नहीं."

मी आत्मविश्वासाने पुढे झालो. पाटी लहान पडतेय, हे मला लगेच कळलं. मी लॉग बफर सहापट मोठा करून टाकला. एक दिवस पट्टा झकास चालला आणि मी ऑफिसात छाती काढून फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा पुन्हा अडला.

गिल सरांकडे त्यांचा तोडगा तयार होता. डेटाबेसला सांगता येतं की वहीत उतरायची वाट बघू नकोस, आधीच 'झालं' म्हणून टाक. "सुनंदा जी, वो वाली सेटिंग कर दो ना जी. लिखा तो जाएगा ही. हो गया समझो."

ताईंची पेन्सिल बाहेर आली. "सर, दवाई है," त्या शांतपणे म्हणाल्या. "बत्ती गई और डिब्बी का नंबर लिखा नहीं गया, और डिब्बी बाजार में पहुँच गई. कल दवाई में खराबी निकली तो उसे वापस कहाँ से बुलाएँगे? मैं नहीं करूँगी."

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन डेराबस्सीला गेल्या. मला वाटलं सर्व्हरच्या खोलीत बसतील. त्या गेल्या थेट पट्ट्यापाशी. डोक्यावर कारखान्याची कागदी टोपी, अंबाड्यामुळे ती वर उचललेली, हातात कागद-पेन्सिल. तीन तास त्या जसवीरच्या शेजारी उभ्या राहून नुसत्या रेघा मारत होत्या. दोघी मधूनमधून पोराबाळांचं बोलत होत्या, पण ताईंची नजर पट्ट्यावरून हलत नव्हती. मी खुर्ची शोधत होतो.

मग त्या सर्व्हरच्या खोलीत आल्या आणि डेटाबेस कुठल्या कुठल्या कारणाने थांबतो ते आकडे काढून रेघांशेजारी मांडले.

"थांबणं दोन प्रकारचं असतं," त्या म्हणाल्या. "एक, पाटीवर जागा नाही म्हणून थांबणं. ते थोडं होतं, पाटी वाढवल्यावर गेलं. म्हणून तुझा एक दिवस बरा गेला. दुसरं, वहीत उतरल्याची पोच मिळेना म्हणून थांबणं. ते तसंच आहे. पाटी मोठी केली म्हणून लिहिणाऱ्याचा हात काही जलद होत नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "अविनाश, एका डबीला तू किती वेळा 'झालं' म्हणवतोस?"

मी मनात मोजलं. छापल्यावर एकदा, वाचल्यावर एकदा, वजन झाल्यावर, खोक्यात पडल्यावर. "चार," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला सगळं दिसलं. दुपारच्या पाळीला लहान डब्या असतात. मिनिटाला सकाळच्या तिप्पट. प्रत्येक डबीला लेखनिकाला चार वेळा वही उघडून, लिहून, मिटून पोच द्यायला लागत होती. जसवीर ढिली नव्हती. माझा प्रोग्राम तिला चार चारदा थांबवत होता.

"पण तुम्हीच सांगितलं होतं ना, लिहिल्याशिवाय झालं म्हणायचं नाही," मी कसंबसं म्हणालो.

"लिहायला सांगितलं होतं. चमचा ठेवला, वही मिटून कुलूप लाव, काटा ठेवला, कुलूप लाव, असं नव्हतं सांगितलं. चारी कामं पाटीवर घे, डबी खोक्यात पडली की एकदा पक्कं कर. तोवर ती डबी कुठं बाहेर जात नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "आणि वहीला स्वतःची डिस्क पाहिजे. सगळ्यांच्या गर्दीत बसवलीय तिला."

मी लॅपटॉप उघडला. तासाभराचं काम होतं. आज पट्टा सुरळीत झाला असता, जसवीरच्या पाळीचे आकडे आपोआप सुधारले असते, आणि काय झालं होतं ते कुणी विचारलंही नसतं. माझी नोकरी कायम होण्याचं पत्र दोन आठवड्यांनी येणार होतं. आईने अकोल्यात शेजारीपाजारी सांगूनही ठेवलं होतं. "आत्ता बदलून टाकतो ताई," मी म्हणालो. "झालं म्हणून समजा."

तोंडातून निघून गेलं.

सुनंदाताई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तिच्या फायलीत जे लिहून ठेवलंय ते?"

मी कळफलकावरचे हात उचलले.

"तू दुरुस्त करशील. उद्यापासून पट्टा पळेल. सगळे म्हणतील, ताकीद दिली तशी बाई सुधारली." त्यांनी अंबाड्यात परत गेलेली पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. "आधी वहीत, अविनाश."

मी लिहिलं. आधी त्यांच्या कागदाच्या मागे पेन्सिलने, मग मेलमध्ये, कारखान्याला आणि गिल सरांना. पट्टा अडण्याचं कारण दुपारची पाळी नसून मी लिहिलेला प्रोग्राम आहे, असं, खाली माझं नाव. ताईंनी ते वाचलं, एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं. मग कळफलक स्वतःकडे ओढून माझ्या नावाखाली एक ओळ टाकली. प्रोग्राम मी तपासला होता, मला हे दिसलं नाही. सुनंदा खराडे.

त्या ओळीची काहीएक गरज नव्हती. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मी आजवर खूप हुशार माणसं पाहिली, पण असं सहज, पदराला हात पुसावा तसं, स्वतःचं नाव चुकीखाली लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

"जा आता," त्या म्हणाल्या. "बदल प्रोग्राम."

पट्टा त्या दुपारनंतर अडला नाही. लॉग बफर ताईंनी माझ्या सहापटीवरून दुपटीवर आणला आणि तेवढा पुरला. गिल सर माझ्यावर चांगलेच उखडले. माझं कायम होण्याचं पत्र सहा महिने पुढे गेलं. ताईंनी माझ्यासाठी रदबदली केली नाही, मीही त्यांना म्हटलं नाही. त्यांना स्वतःला काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जसवीरची ताकीद मागे घेतल्याचं पत्र मात्र निघालं. त्याची प्रत घेऊन ती रविवारी ताईंच्या घरी आली, सोबत डबाभर पिन्न्या, म्हणजे तुपातले कणकेचे लाडू. मी तिथेच होतो आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुत्तर, अपना नाम लिख दिया, एह वड्डी गल्ल ए," ती म्हणाली. ही मोठी गोष्ट आहे म्हणे. मी खाली मान घालून तीन पिन्न्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षी खराड्यांची बदली तंजावरला झाली.

सामान बांधायला मी दोन दिवस जात होतो. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने कुकर उचलून ट्रंकेत ठेवला. ताई वहीवरून मान वर करून नुसत्या बघत राहिल्या. मी कुकर बाहेर काढला आणि हातात धरून उभा राहिलो. शेजारी त्यांचे यजमान कढई धरून उभे होते. "सवय होते," ते मला हळूच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराही ट्रंका ट्रकमध्ये चढल्या. रिकाम्या क्वार्टरच्या ओट्यावर ताई वही घेऊन बसल्या होत्या. मी मागे उभा होतो म्हणून मला ते पान दिसलं. प्रत्येक गावाच्या यादीच्या शेवटी एक पान वेगळं होतं आणि त्यावर मथळा होता 'राहिलं'. जे ट्रंकेत जाऊ शकत नाही, त्याचीही नोंद. समोर शेऱ्याचा रकाना. जोरहाटखाली होतं, मांजर, शेजाऱ्यांकडे, शेरा: आजारी होती. चंदीगडखाली दोन ओळी झाल्या होत्या. कढीपत्त्याची कुंडी, जसवीरकडे, शेरा: पाणी कमी घालणे. ओसरीवरचा झोपाळा, क्वार्टरचाच, शेरा: करकरतो.

यजमानांनी टॅक्सीतून हाक मारली. मी निरोपाचं काहीतरी बोलणार होतो, पण ताईंनी हाताने थांब म्हटलं. पेन्सिल काढली, तिसरी ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे धरली. "बघ, बरोबर आहे का."

३. अविनाश. शेरा: नाव लिहितो.

मला काही वेळ अक्षरं नीट दिसली नाहीत. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे राहिलं म्हणजे कुठलं? तुमच्याकडचं सुटलेलं की आमच्याकडचं चालू असलेलं?"

"तुमच्याकडचं," त्या म्हणाल्या. वही मिटली, पेन्सिल अंबाड्यात खोचली, आणि तेव्हा कुठे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "येते रे."